बाई डोळे वटारत नाहीत

मुलांनो, बाई रागावल्या आहेत हे तुम्ही कशावरून ओळखता? आवाजावरून? मुळीच नाही. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही गपचूप पाटी-पुस्तक पुढे ओढून बसलेले असता. तुम्ही बाईंचे डोळे वाचता. अक्षरं वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून तुम्हाला डोळे वाचता येतात.

माझी पंचाईत अशी, की माझे डोळे गेली दोन वर्षं खोटं बोलताहेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, पण चौथीचं मराठी मी घेते. एकदा वाक्प्रचार चालले होते. मी फळ्यावर लिहिलं, ‘डोळे वटारणे’ आणि विचारलं, “कोण सांगेल अर्थ?” एकही हात वर होईना. सगळे एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसताहेत. शेवटी मागच्या रांगेतला एक धीट गडी उठला आणि म्हणाला, “बाई, तुमी आत्ता बघताय तसं बघणं.”

वर्गात एकच हशा! मीही हसले. तो बिचारा खरं तेच बोलला होता. माझ्या वरच्या पापण्या वर ओढल्यासारख्या झाल्या होत्या. बुबुळाच्या वरचं पांढरं, जे एरवी पापणीखाली झाकलेलं असतं, ते दिसत होतं. डोळे पुढे आले होते. मी अगदी मजेत असले तरी बघणाऱ्याला वाटायचं, बाई आता ओरडणार.

या दुखण्याला डॉक्टर थायरॉइडचा नेत्रविकार म्हणतात. मला ते नीट समजून घ्यायला वेळ लागला, पण समजल्यावर निम्मी भीती गेली. म्हणून तुम्हालाही सांगते.

आपल्या गळ्यात, समोरच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचं नाव थायरॉइड. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, पण काम फार मोठं. शरीराचा कारभार किती वेगानं चालवायचा, म्हणजे हृदयानं किती भराभर धडधडायचं, अन्न किती लवकर खर्च करायचं, हे तिच्या रसांवर ठरतं. ती ग्रंथी मात्र आपल्या मनानं काम करत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी एक छोटी ग्रंथी, पिट्यूटरी, तिला निरोप पाठवते. असं समजा, की पिट्यूटरी म्हणजे मुख्याध्यापक. त्यांनी घंटा वाजवली की थायरॉइडचा वर्ग कामाला लागतो. पुरेसं काम झालं की घंटा थांबते.

आता समजा, एखादा खोडकर मुलगा जाऊन ती घंटा एकसारखी बडवू लागला तर? वर्गाला काय कळणार, घंटा कुणी वाजवली ते! वर्ग कामाला जुंपलेलाच. माझ्या शरीरात नेमकं हेच झालं. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपलं रक्त प्रतिपिंडं तयार करतं. त्यांतली काही प्रतिपिंडं भलतीच निघाली आणि माझ्या थायरॉइडची घंटा बडवत सुटली. खरे मुख्याध्यापक काय करणार? त्यांनी घंटेला हात लावायचंच सोडलं. म्हणून माझ्या रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचे रस भरमसाट आणि टीएसएच, म्हणजे मुख्याध्यापकांचा निरोप, जवळजवळ शून्य, असं आलं. कागद हातात घेऊन मी आधी चक्रावलेच. घंटेची गोष्ट कळल्यावर उलगडा झाला.

त्या दिवसांत मी दोन माणसांचं जेवत होते आणि वाळत चालले होते. बसल्या जागी छाती धडधडायची. पौष महिन्यात घाम. आणि हात थरथरायचे. हे सगळ्यांत वाईट, कारण पहिलीच्या मुलांना ‘ग’चा गोल गिरवून दाखवायचा आणि आपलाच गोल वेडावाकडा!

पण डोळ्यांचं काय? ते तर गळ्यापासून लांब! गंमत अशी, की त्याच घंटेसारख्या घंटा डोळ्यांमागच्या काही पेशींनाही टांगलेल्या असतात. खोडकर मुलानं त्याही वाजवल्या.

जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवायची देवळी तुम्ही पाहिली असेल. आपला डोळा अशाच हाडाच्या देवळीत बसलेला असतो. तिला मागून, वरून, खालून, बाजूनं भिंती आहेत, उघडी आहे ती फक्त पुढची बाजू. दिव्याच्या मागे आपण चिंध्यांचे बोळे कोंबत गेलो तर दिवा कुठे जाईल? पुढेच ना? घंटा ऐकलेल्या पेशी पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ बनवतात, चरबी वाढते, आणि डोळा फिरवणारे सहा स्नायू सुजतात. देवळी काही मोठी होत नाही, मग डोळा पुढे सरकतो. किती सरकला ते मोजायला डॉक्टरांकडे आरसे बसवलेली एक पट्टी असते. माझा उजवा डोळा २३ मिलिमीटर भरला, डावा २१. चार वर्षांच्या नातवाचे डोळे भुवया उंचावल्यावर मोठे होतात, तसं हे नसतं, बरं का. हे मिटता मिटत नाहीत.

खरंच मिटत नाहीत. रात्री झोपेतही माझ्या डोळ्यांना फट राहायची. डोळा उघडा राहिला की कोरडा पडतो, आणि कोरड्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. आणि उलटी गोष्ट म्हणजे कोरड्या डोळ्यांतूनच सारखं पाणी वाहतं! शाळेत येणारे पालक विचारायचे, “बाई, काय झालं हो? घरी सगळं ठीक ना?” एकीकडे रागावलेला चेहरा, दुसरीकडे वाहणारं पाणी. समोरच्यानं समजायचं तरी काय!

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांच्या मते माझ्या डोळ्यांनाच कुणाची तरी नजर लागली होती. मी मुकाट्यानं ओवाळून घेतलं. त्यांनीच पुढे दीड वर्ष रात्री माझ्या डोळ्यांत मलम घातलं आणि पापण्यांवर कागदी चिकटपट्टी लावली, एकदाही न कंटाळता. शेजारच्या काकूंनी मात्र सांगितलं, मीठच बंद कर, आयोडीनमुळे होतं हे सगळं. ते मी ऐकलं नाही. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड वेगळा. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन तो कमी करून दाखवला, म्हणून तर आज आपल्या घरी तसं मीठ येतं. माझ्या आजाराचं मूळ त्या खोडकर प्रतिपिंडांत. मिठात काय बदल करायचा ते डॉक्टर सांगतील, काकू नाही!

आता एक प्रयोग करा. नाकापासून वीतभर अंतरावर एक बोट उभं धरा आणि बोटाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघा. बोटं दोन दिसली? आता एक डोळा झाका. एकच राहिलं ना? दोन्ही डोळे एकाच जागी रोखलेले असले तरच जग एक दिसतं. माझे सुजलेले स्नायू ताठ झाले, डोळे बरोबरीनं वर वळेनात. त्यामुळे वर बघितलं की फळ्यावरची एक ओळ दोन व्हायची, एकावर एक. सकाळी जास्त. हजेरीला तेवीस मुलं, मागं उभी राहिली की मला शेहेचाळीस! शिक्षणाधिकारी आले असते तर पटसंख्या बघून खूश झाले असते. गंमत सोडा, पण मी स्कूटी बंद केली आणि वडापनं येऊ लागले. गाडी एकाच्या दोन दिसल्या तर नेमकी कुठली चुकवायची? त्या दिवसांत रात्री पडल्या पडल्या मनात एकच यायचं, की वाचता येईनासं झालं तर मी शिकवणार कशी?

पुण्याच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट पाठ करून घ्यायला लावली. ती तुम्हीही लक्षात ठेवा, घरात कुणाला हा आजार असेल तर उपयोगी पडेल. सूज फार वाढली तर डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस दाबली जाते. मग रंग फिके दिसू लागतात, विशेषतः लाल. असं झालं किंवा नजर अंधुक झाली, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी रोज सकाळी माझं लाल पेन आधी एका डोळ्यानं बघायची, मग दुसऱ्या. लाल ते लालच दिसलं की वह्या तपासायला घ्यायची.

उपचार काय झाले ते थोडक्यात सांगते. थायरॉइडसाठी गोळ्या. त्या चालू असताना घसा दुखला किंवा ताप आला तर लगेच रक्त तपासायचं, अशी ताकीद. दिवसभर डोळ्यांत थेंब. उशाशी दोन उश्या, म्हणजे रात्री सूज चेहऱ्यावर उतरत नाही. उन्हावाऱ्यात गॉगल. डोळ्यांची सूज उतरवायला आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे सलाइनमधून स्टेरॉइड. त्यानं भूक खवळायची, झोप उडायची आणि गाल फुगले. अमेरिकेत २०२० साली या विकारासाठी खास टेप्रोटुमुमॅब नावाच्या औषधाला परवानगी मिळाली, पण ते इतकं महाग आहे की किंमत ऐकूनच डोळे पुढे यावेत!

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, “घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?” धूम्रपानानं हा विकार बळावतो आणि औषधही नीट लागू पडत नाही. मी ओढत नाही, पण सासरे बिडीचे जुने भक्त. ते डॉक्टरांसमोर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बिडीबंडल घेऊन गोठ्यापलीकडे जाऊ लागले. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचे, भिजत यायचे. आता दिवसाला दोनवर आलेत. पूर्ण सुटलेली नाही, तसं खोटं कशाला सांगू?

या आजाराला ग्रेव्हजचं नाव आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. जर्मनीत बासेडो यांनी १८४० मध्ये, म्हणून तिकडे तो बासेडोचा आजार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या पत्नी बार्बरा यांना तो १९८९ मध्ये झाला, आणि १९९१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांना! नवराबायको दोघांनाही कसा, म्हणून त्यांच्या घरचं पाणीसुद्धा तपासलं गेलं. पाण्यात काही दोष निघाला नाही. आजार संसर्गाचा नाहीच. माझा खडू वापरला, माझ्या डब्यातलं खाल्लं, तर कुणाला काही होत नाही. तुमच्या वयाच्या मुलांनाही तो क्वचित होतो, पण त्यांच्या डोळ्यांना बहुधा कमी त्रास होतो.

आता एक गोष्ट, जी मला दुखण्यापेक्षा जास्त लागली. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिलीत एक नवा मुलगा आला. तीन दिवस आला आणि यायचा थांबला. त्याची आई संकोचून म्हणाली, “बाई, त्यो तुमाला भितोय.” मी त्याच्याशी एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते. समजूत घालायला गेले तर तो आईच्या पदराआड. तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? डोळे तर काढून ठेवता येत नाहीत.

मग मी सगळ्या वर्गालाच देवळी आणि दिव्याची गोष्ट सांगितली. कागदाचा खोका, त्यात चेंडू, मागून चिंध्या. प्रत्येकानं चिंधी कोंबून बघितली. मुलांनी ती गोष्ट घरोघर नेली, अर्थातच आपापल्या परीनं वाढवून. एका आजीला कळलं होतं की बाईंच्या डोक्यात चिंध्या भरल्यात! दुसरीतल्या एका चिमुरडीनं आपण होऊन काम घेतलं. तास झाला की ओरडायची, “बाई, थेंब!” आणि मी मान मागं करून थेंब घालेपर्यंत सगळा वर्ग श्वास धरून बसायचा. तो मुलगा ऑगस्टमध्ये परत आला. दाराशी बसायचा, पळायला सोपं म्हणून. दिवाळीनंतर एक दिवस माझ्याजवळ येऊन त्यानं अगदी जवळून डोळे बघितले आणि विचारलं, “दुखतंय व्हय?” म्हटलं, “आता कमी.” त्यानं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. अजून दाराशीच बसतो. पण रोज येतो.

हा विकार आधी भडकतो, मग वर्ष-दोन वर्षांत शांत होतो. माझा शांत झालाय. डोळे थोडे मागे गेले, पूर्ण नाहीत, ते आपोआप पूर्ववत होतीलच असं नसतं. चष्म्याला रेघारेघांची एक पारदर्शक पट्टी चिकटवली आहे, तिच्यामुळे फळा आता एकच दिसतो. शस्त्रक्रिया करायच्या झाल्या तर त्यांचाही क्रम असतो. आधी देवळी मोठी करायची, मग स्नायू, शेवटी पापण्या. मला पहिल्या दोन्हींची गरज पडली नाही. पापण्यांची मे महिन्याच्या सुट्टीत करायची ठरली आहे. चौथीच्या मुलांना सांगितलं तर ती काळजीत पडली. एकानं विचारलं, “बाई, मग तुमी खरंच रागावलाय हे नव्या पोरांना कळायचं कसं?”

म्हटलं, ते त्यांचं ते ओळखतील.