मयसभा आणि नाल

२०२३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला चिरंजीवांकडे आमचा मुक्काम असताना लास व्हेगासला जाण्याची टूम निघाली, तेव्हा खरी अडचण आईची होती. वय ७८, गुडघे कुरकुरणारे. पण अडचण गुडघ्यांची नव्हे. आमच्या इंदूरच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आला नाही. माळव्यात दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळणे जवळजवळ शास्त्रोक्त समजले जाते. आमच्याकडे त्या रात्रीही कॅरमच. कारण सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नसे. आईच्या वडिलांनी १९५३ साली राहता वाडा पत्त्यांत घालविला होता. समोरच्या गृहस्थांनी खुणेचे पत्ते वापरून तो लुबाडला, ही आईची सत्तर वर्षांची खात्री. त्या घराण्याचे पाणीही ती घेत नसे.

हूवर धरण दाखवितो, असे सांगून तिला राजी केले. सबब अगदीच खोटी नव्हती. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि कोलोरॅडो नदीवरील या धरणाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. मजुरांसाठी वसविलेल्या बोल्डर सिटीत जुगाराला बंदी. म्हणून पगार झाला की मजूर लास व्हेगास गाठीत. १९०५ साली रेल्वेच्या आधाराने उभे राहिलेले गाव असे बाळसे धरू लागले.

मोहावेच्या वाळवंटातून सुमारे ४३० किलोमीटरचा रस्ता. बेकर गावाच्या अलीकडे मोटारीचे एसी बंद पडले. त्या गावात जगातील सर्वांत उंच समजला जाणारा तापमापक आहे. डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइटच्या स्मरणार्थ तो १३४ फूट उंच उभारला आहे. उन्हाळा कळण्यासाठी आम्हांस त्या घडीला इतक्या उंच साधनाची गरज नव्हती. सौ.ने पंचा भिजवून आईच्या डोक्यावर घातला. अर्ध्या तासात तो कडकडीत वाळला. हॉटेलात पोहोचलो तर खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ नावाचा निराळा आकार. तो पोहण्याच्या तलावासाठी वगैरे असतो म्हणे. तलाव आम्ही पाहिलासुद्धा नाही.

खोलीकडे जाणारी लिफ्ट जुगाराच्या दालनापलीकडे होती. न्याहारीला जा, औषध आणायला जा, वाट यंत्रांच्या रांगांमधूनच. घड्याळ नाही, खिडकी नाही. एकवीस वर्षांखालील मुलांनी तेथे रेंगाळायचे नाही, हा कायदा. आमचा सहा वर्षांचा नातू क्षणभर थबकला की गणवेशातला रखवालदार ‘चालत राहा’ म्हणून हात करी. व्हेनिशियन हॉटेलात तर छतावरच आकाश रंगविलेले, त्याखाली कालवा, कालव्यात नाव. दुर्योधन पाण्याला जमीन समजून फसला ती मयसभा इंद्रप्रस्थात, आणि द्यूताचा फड हस्तिनापुरात; व्यासांनी दोहोंमध्ये निदान अंतर तरी ठेवले होते. येथे दोन्ही एका छपराखाली.

दुसऱ्या संध्याकाळी रखवालदाराने नातवाला असेच हाकलले. आम्ही लिफ्टपर्यंत आलो आणि मागे वळून पाहिले, तो आई नाही. पुढची चाळीस मिनिटे मी विसरणार नाही. प्रत्येक रांग सारखी, प्रत्येक वळणावर तेच दिवे, तोच घंटानाद. आईला इंग्रजी येत नाही, जवळ फोन नाही. सूनबाई रडकुंडीला आली. अखेर आई सापडली ती एका यंत्रासमोर बसलेल्या गोऱ्या वृद्धेच्या शेजारी, काठी मांडीवर आडवी घेऊन. ती चुकली नव्हती. आपणहून थांबली होती.

“ही बाई एकदा जिंकली,” आई म्हणाली, “आणि जिंकल्यावरही उठली नाही.”

नंतर खोलीत तिने चिरंजीवांना त्या फिरत्या चाकाचा हिशेब विचारला. आई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. अमेरिकन रूलेटच्या चाकाला ३८ घरे. एका आकड्यावर लावलेला डॉलर लागला तर ३५ पट मिळतात. तिने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. सर्व घरांवर एकेक डॉलर लावला तर ३८ गेले, स्वतःचा धरून ३६ परत आले. दोन मालकाचे, शेकडा ५.२६. मी म्हणालो, कौटिल्यानेही द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घ्यायला सांगितले आहे.

“म्हणजे फसवावे लागतच नाही,” ती म्हणाली. बराच वेळ गप्प राहिली. मग प्रथमच वडिलांविषयी बोलली. जिंकले की ते मध्यरात्री पेढ्यांचा पुडा घेऊन येत आणि मुलांना उठवून भरवीत. फड भरविणारा प्रत्येक डावातून नाल काढून घेई, हेही तिला आठवत होते. “समोरच्यांचाही वाडा पाच वर्षांत गेला. नाल घेणाऱ्याने मात्र दोन मजले चढविले.”

दुसऱ्या दिवशी धरण पाहिले. लेक मीडचे पाणी इतके उतरलेले, की काठच्या खडकांवर पांढरा पट्टा उमटला होता. आईने पाहिले, पण तिचे लक्ष नसावे.

इंदूरला परतल्यावर मार्गशीर्षात त्या समोरच्या घराण्यातून नातवाच्या लग्नाची पत्रिका आली. दरवेळी येते, दरवेळी ती देव्हाऱ्यामागे पडून राहते. या खेपेस आईने जरीची साडी काढायला सांगितली. पंगतीत बसून जेवली. आहेराचे पाकीट तिने स्वतः भरले होते. आत किती घातले, ते सौ.ला दोनदा विचारूनही सांगितले नाही.