फरसबी नावाचं आळशी कडधान्य

शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेलं वाक्य: कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. वाक्य खरंच आहे. १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन जोडगोळीने ते सिद्ध केलं. गडबड होते ती सगळी कडधान्यं एका माळेत ओवली की.

आमच्या काकांना यंदा आमगावला धान निघाल्यावर बांधीच्या एका तुकड्यात फरसबी लावायची आहे. (फरसबी म्हणजे आपला श्रावणघेवडा हो!) फोनवर म्हणाले, "शेंगवाली हाय ना गा बाबू, मंग खत कायले पायजे?"

प्रश्न चुकीचा नाही. धुऱ्यावरची तूर, उभ्या धानात फेकलेली लाखोळी, दोन्ही फारसे लाड न करता येतात. पण फरसबी या खानदानातली आळशी मुलगी. गाठी धरायलाच तिला तीनेक आठवडे लागतात आणि दीड महिन्यात तर ती फुलावर येते. म्हणजे गाठी कामाला लागेपर्यंत निम्मा प्रोजेक्ट संपलेला! शिवाय तिला जिवाणूही तिच्याच जातीचा लागतो. सोयाबीनचं जिवाणू पाकीट इथे चालत नाही, चक्क व्हर्जन मिसमॅच.

मग युरिया मारावा? ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ २१ किलो. स्वस्त असल्याने हात सैल सुटतो. जास्त झाला की पाला माजतो, शेंगा रुसतात, आणि आयता नत्र मिळाल्यावर मुळं गाठी बनवायचंच सोडून देतात. फुकट जेवण मिळालं की स्वयंपाक कोण करतो?

खरी गंमत स्फुरदाची आहे. बांधीत पाणी असतं तेव्हा लोहाला चिकटलेला स्फुरद सुटा होतो, धान मजेत खातो. पाणी आटलं, जमिनीत हवा शिरली, की तो पुन्हा लोहात अडकतो. तीच जमीन, तोच स्फुरद, पण मागून येणारी फरसबी उपाशी! आणि स्फुरद नसेल तर गाठीही धड होत नाहीत. म्हणून तो वर फेकायचा नाही, पेरताना बियाण्याच्या जरा खाली-बाजूला द्यायचा. ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सुरुवातीचा थोडा नत्रही त्यातच मिळून जातो.

आणि चिखलणी. धानासाठी आपण मुद्दाम मातीचा पोत मोडतो, पाणी झिरपू नये म्हणून. फरसबीला नेमकं उलटं हवं. गादीवाफा आणि चांगलं कुजलेलं शेणखत नसेल तर बाकी सगळा हिशोब पाण्यात, अगदी शब्दशः.

काकांना एवढंच सांगितलं की मृदा आरोग्य पत्रिका काढा. २०१५ पासूनची योजना आहे, १२ गोष्टी तपासून मिळतात. खत किती हे तीच ठरवेल, मी नाही. रब्बीचा पैसा एकदाच लागतो, तो अंदाजावर का लावायचा? आणि फुलं आल्यावर एक झाड उपटून गाठ नखाने फोडून बघा: आत गुलाबी असेल तर कारखाना चालू, पांढरी-हिरवी असेल तर बंद.

ही टेस्ट बाल्कनीतल्या कुंडीतही चालते बरं का. करून बघा!