गटिंगेनची सहामाही

तुमच्या वर्गात रोज हजेरी होते ना? 'हजर बाई', 'हजर सर' म्हणायचा कधी कधी कंटाळाही येत असेल. आता अशी कल्पना करा, की तुम्ही एका ठिकाणी शिकायला गेलात आणि तिथे हजेरीच नाही! वर्गात आलात तर आलात, नाही आलात तर कुणी विचारणार नाही. 'काल का आली नाहीस?' म्हणणारे सर नाहीत, 'जेवलीस का?' म्हणत मागे लागणारी आई नाही. वा, काय मज्जा! असंच वाटतं की नाही? मलाही तसंच वाटलं होतं. ती मजा दोन आठवड्यांतच कशी ओसरली आणि पुन्हा कशी परत आली, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

२०२२ सालच्या ऑक्टोबरात मी इतिहास शिकायला एका सहामाहीपुरती जर्मनीतल्या गटिंगेन या गावी गेले. गटिंगेन जर्मनीच्या साधारण मध्यावर, लाइने नदीच्या काठी आहे. वस्ती लाखाहून थोडी जास्त, आणि त्यात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी! म्हणजे रस्त्यात पाच-सहा माणसं भेटली, तर त्यातलं एक तरी विद्यापीठात शिकणारं असणार. हे विद्यापीठ १७३७ सालचं. जुन्या गावाला तट होता. त्या तटावर आता मोठी झाडं आहेत आणि त्यावरून चालत गावाला छान फेरी मारता येते.

या गावात फिरताना मान वर करून चालावं लागतं. का, सांगू? इथल्या घरांच्या भिंतींवर, इथे अमुक विद्वान राहत होते, अशा तीनशेहून जास्त पाट्या आहेत. थोर गणिती गाऊस इथलेच. त्यांनी आणि वेबर या भौतिकशास्त्रज्ञाने १८३३ साली घरांच्या छपरांवरून तार नेऊन एकमेकांना तारेने संदेश पाठवले. दोघांचा एकत्र पुतळाही आहे. गाऊस बसलेले आणि वेबर उभे. तुम्ही ज्यांच्या परीकथा वाचता, ते ग्रिम बंधूही इथे प्राध्यापक होते.

आणि चौकात, जुन्या नगरभवनासमोर, कारंज्यावर उभी आहे हंस राखणारी लीझेल! १९०१ साली बसवलेला हा एका मुलीचा पुतळा. डॉक्टरेट मिळवलेला विद्यार्थी कारंज्यावर चढतो, लीझेलला फुलं देतो आणि तिच्या गालाची पापी घेतो. १९२६ साली नगरपालिकेने यावर बंदी घातली, पण ऐकतो कोण!

मी ज्या वसतिगृहात राहत होते तिथे आमच्या मजल्यावर सात खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर होतं. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. दारावर कागद चिकटवलेला, त्यावर कोणत्या आठवड्यात ओटा आणि फरशी कुणी पुसायची ते लिहिलेलं. कचऱ्याचं तर एक शास्त्रच! कागद वेगळा, वेष्टनं वेगळी, भाजीची सालं वेगळी. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पेटीत टाकायच्या, आणि त्याही रविवारी नाही. कारण खळखळाट झाला तर शेजाऱ्यांच्या विश्रांतीत व्यत्यय येतो! प्लॅस्टिकची पाण्याची बाटली मात्र कुणी फेकत नाही. दुकानातल्या यंत्रात परत केली, की पंचवीस सेंट मिळतात. बाटल्या साठवून मी त्या पैशांत पाव आणत असे.

तासांची गंमत ऐका. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असेल, तर तास सव्वादहाला सुरू होतो. याला तिथे 'विद्यापीठाची पंधरा मिनिटं' म्हणतात. मी पहिल्या दिवशी पावणेदहाला जाऊन रिकाम्या वर्गात अर्धा तास बसले होते. तास संपला, की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने बाक ठोकतात. पहिल्यांदा मी दचकलेच! आपल्याकडे बाक वाजवला तर बाहेर उभं राहावं लागेल. आणि गुण? तिथे १ म्हणजे सर्वांत उत्तम, ४ म्हणजे कसाबसा पास आणि ५ म्हणजे नापास. पुढे माझ्या निबंधाला १.७ मिळाले, ते आईला फोनवर आनंदाने सांगितलं, तर बिचारी गप्पच झाली.

हे सगळं मजेचं होतं. पण मी वर्गात तोंड उघडत नव्हते. पुण्यात जर्मन शिकले होते, परीक्षाही पास झाले होते. पण पुस्तकातली भाषा वेगळी आणि भराभर बोलणाऱ्या वीस जणांची भाषा वेगळी. चुकलं तर सगळे हसतील, असं वाटायचं. तास सुरू झाले तेही नेमके दिवाळीत. तिकडे ना कंदील, ना फराळ. मी तासाला जायची, मागे बसायची, खोलीवर यायची आणि दार लावून घ्यायची. कुणी काही विचारत नव्हतं. विचारणार कोण? तिथे हजेरीच नव्हती ना!

मग आला ऑक्टोबरचा शेवट. रविवारी तिथे बहुतेक सगळी दुकानं बंद असतात, हे मला माहीत होतं. त्या रविवारी, ३० तारखेला, आणखी एक गंमत झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे पहाटे घड्याळ एक तास मागे घेतात. आपल्या आणि त्यांच्या वेळेतलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार तास होतं. 'चला, एक तास जास्त झोपायला मिळाला,' म्हणून मी खूष! सोमवारी सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेले, तर काय? सगळं सामसूम! एकही दुकान उघडं नाही. ३१ ऑक्टोबर हा मार्टिन ल्यूथरने १५१७ साली सुरू केलेल्या धर्मसुधारणेचा दिवस. गटिंगेन ज्या प्रांतात आहे, तिथे २०१८ पासून या दिवशी सुट्टी असते. मला त्याचा पत्ताच नव्हता. फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यात दोन बटाटे आणि लोणच्याची बाटली!

दुपारी आईचा फोन आला. "जेवलीस का गं?" मी म्हटलं, "हो." फोन ठेवला आणि एकदम लक्षात आलं, की शुक्रवारपासून आईखेरीज मी कुणाशीही एक शब्द बोललेली नाही. तीन दिवस! आणि आईशी बोलले, तेही खोटं. मग मात्र रडू आलं.

स्वयंपाकघरातून खमंग वास येत होता. शेजारच्या खोलीतली तुर्कस्तानची मुलगी काहीतरी ढवळत होती. इतके दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसती मान हलवायचो. मी दारात उभी राहिले. मनात वाक्य तीनदा जुळवलं आणि अडखळत म्हटलं, "आज दुकानं बंद असतात हे मला ठाऊक नव्हतं. थोडा पाव उसना मिळेल का?" व्याकरण चुकलंच. ती हसली, पण माझ्या भाषेला नव्हे. तिने खुर्ची पुढे ओढली, पातेल्यातलं वाढलं आणि वर लिंबू पिळलं. पहिला चमचा तोंडात घातला आणि मी बघतच राहिले. अहो, ते मसुरीच्या डाळीचं सूप होतं! फोडणी वेगळी, पण बाकी अगदी आपलं वरणच.

खाता खाता ती म्हणाली, "तुझं दार सारखं बंद असतं. आम्हाला वाटलं, तुला कुणी त्रास दिलेला आवडत नाही." बघा म्हणजे! मला वाटत होतं, इथे कुणाला माझी पर्वा नाही. आणि त्यांना वाटत होतं, मला एकटीला राहायचंय. त्या दिवसापासून दुपारी खोलीत असले, की मी दार थोडं उघडं ठेवू लागले.

पुढच्या आठवड्यात आणखी एक धाडस केलं. तिथे प्राध्यापकांचा एक 'भेटीचा तास' असतो. त्या वेळात कुणीही जाऊन विचारू शकतं, पण जायचं मात्र आपणच. मी गेले आणि खरं ते सांगितलं. "वर्गातल्या चर्चेतलं मला निम्मंच कळतं आणि पुढच्या महिन्यात मला वीस मिनिटं बोलायचंय." ते रागावले नाहीत. कोणती दोन पुस्तकं आधी वाचायची ते सांगितलं, आणि म्हणाले, "छोटी वाक्यं बोला, आम्हालाही बरं पडेल!"

माझा विषय होता 'गटिंगेनचे सात प्राध्यापक'. काय झालं होतं, ठाऊक आहे? १८३७ साली हॅनोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. या घटनेची आम्ही शपथ घेतली आहे, असं सांगून सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यात दोघे ग्रिम बंधू होते आणि तारेवाले वेबरही. विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या हाताने नकला करून ती सगळीकडे पोचवली. राजाने सातही जणांना कामावरून काढलं. तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं, त्यात याकोब ग्रिम होते. गप्प बसले असते तर त्यांची नोकरी टिकली असती. हे वाचताना मला माझीच लाज वाटली. त्यांना बोलण्यापायी सगळं गमवावं लागलं, आणि मी? एका चुकीच्या प्रत्ययाला घाबरत होते!

डिसेंबरात माझी पाळी आली. दुपारी चारनंतर काळोख पडायचा. त्या हिवाळ्यात इंधन वाचवण्यासाठी सरकारी इमारतींत एकोणीस अंशांपेक्षा जास्त ऊब द्यायची नाही, असा नियम होता. त्यामुळे सगळे वर्गात स्वेटर घालून बसलेले. मी छोट्या वाक्यांत बोलले. चुका झाल्या, एकदा शब्दच आठवेना, तेव्हा पुढच्या बाकावरून कुणीतरी तो सांगितला. बोलून संपलं, आणि बाक वाजू लागले. या वेळी मी दचकले नाही.

तुम्हाला माहीत आहे का, गटिंगेन आणि पुणे यांची ओळख जुनी आहे. फ्रान्ट्स कीलहॉर्न हे जर्मन विद्वान १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती प्रसिद्ध आहे. नंतर ते गटिंगेनला प्राध्यापक झाले. १८८५ साली याच विद्यापीठाने आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. कीलहॉर्न पुण्यात नवे आले असतील, तेव्हा तेही कुणाला तरी विचारतच शिकले असतील, नाही का?

फेब्रुवारीत निघताना मी लोणच्याची उरलेली बाटली शेजारणीला दिली, आणि तिने मला त्या सुपाची कृती लिहून दिली. घरी आल्यावर मी ते केलं, तर आईने चव घेऊन म्हटलं, "वरणात जरा लिंबू जास्त झालंय गं."

तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या गावाहून नवी आली असेल आणि गप्प बसत असेल, तर तिला शिष्ट समजू नका. मधल्या सुट्टीत डबा पुढे करा. आणि नवे तुम्हीच असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका बरं का! आपण होऊन एक वाक्य बोला. व्याकरण चुकलं तरी चालेल.