उशिरा उघडलेले खाते

काचबिंदूच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण महिनाभर वापरायची असते. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. २००१ साली आमच्या घरी तीच बाटली दोन महिने पुरत होती, आणि माझ्या ते लक्षात आले नाही.

सांगलीत आमचा खिळ्यांचा छापखाना होता. यजमान स्वतः जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर आमचे घर बरे चालले. संगणकावरची अक्षरजुळणी आणि ऑफसेट आले तसे काम ओसरत गेले. १९९९ मध्ये खिळे वजनावर विकून आम्ही छापखान्याला कुलूप लावले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा मालक दुसऱ्याच्या छापखान्यात पगारी नोकर झाला. भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. जे मिळवले ते मुलाच्या शिक्षणात आणि सासूबाईंच्या आजारपणात गेले होते. त्याचे दुःख तेव्हाही नव्हते, आजही नाही.

सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब ते फक्त रात्री घालत. मी डबे करून देत असे. माझ्याकडे मागणे त्यांना जड गेले, दिरांकडे मागणे त्याहून जड. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, “रोज घालतो की.” त्यात खोटे काहीच नव्हते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ज्या डाव्या डोळ्याने त्यांनी आयुष्यभर उलटी अक्षरे सुलटी वाचली, तो जवळजवळ गेला.

वाचकहो, हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. पण रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेणारे, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत तपासणी लांबवणारे आपल्या घरातही कोणी असेल. आपणच असाल कदाचित. पैशाची चणचण प्रथम औषधाच्या बाटलीत दिसते, आणि ती बाटली कोणी उचलून पाहत नाही.

२००२ च्या जून महिन्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी टपाल कार्यालयात पीपीएफचे खाते उघडले. खिडकीवरच्या तरुण कारकुनाने अर्ज पाहिला आणि विचारले, “मावशी, पंधरा वर्षांची मुदत आहे, माहीत आहे ना?” मी म्हणाले, “पंधरा वर्षे तशीही जाणारच आहेत.” उत्तर धीट होते, पाय मात्र लटपटत होते.

पहिली पाच वर्षे महिना १,००० रुपये, पुढची पाच वर्षे २,०००, आणि मुलगा नोकरीला लागल्यावर ४,०००. डब्याचा दर वाढला की वाढीतला निम्मा भाग प्रथम खात्यात, उरलेला घरात; एवढा एकच नियम मी कसोशीने पाळला. बाकीचे नियम वेळोवेळी मोडले. मधल्या काळात जास्त व्याजाच्या मोहाने २०,००० रुपये एका पतसंस्थेत ठेवले आणि घालवले. बँकेतील ठेवींना ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते, ते पतसंस्थांना नसते, हे मला पैसे बुडाल्यावर कळले. आपल्याला आधी कळावे म्हणून लिहिते.

खाते उघडलेले वर्ष सोडून पुढची पूर्ण पंधरा वर्षे मोजतात, म्हणून मुदत २०१८ च्या एप्रिलमध्ये संपली. व्याजदर नऊ टक्क्यांवरून आठच्या खाली आला होता. मी भरले पावणेपाच लाखांच्या आसपास, हाती आले सुमारे साडेसात लाख. म्हणजे व्याजापेक्षा माझ्या भरण्याचाच वाटा मोठा. तिशीत सुरुवात करणाऱ्याचे याच्या उलट असते; त्याचा काळच त्याच्यासाठी राबतो. उशिरा सुरुवात करणाऱ्याला चक्रवाढीचे कौतुक ऐकून फारसा उपयोग नसतो, त्याला हप्ताच वाढवावा लागतो.

त्याच महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. सदनिकेच्या पहिल्या रकमेत थोडे कमी पडत होते. “आई, तुला आता पैसे काय करायचेत? आम्ही आहोतच की.” तो मनापासून बोलत होता. मी नाही म्हणाले. त्याने दिवाळीपर्यंत फोन केला नाही. त्या सहा महिन्यांत मी कितीतरी वेळा टपाल कार्यालयाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. यजमान एवढेच म्हणाले, “मी मागितले नाही म्हणून डोळा गेला. तू दिले नाहीस म्हणून मुलगा जाणार नाही.”

तो गेला नाही. त्याने कर्ज थोडे जास्त काढले. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा आम्हाला पैसे पाठवण्याची चिंता त्याला नव्हती. त्या दिवसांत तो रोज फोन करू लागला, आणि व्यवहाराखेरीज पुष्कळ बोलू लागला.

सात लाख मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठीनंतर तीत पैसे ठेवता येतात, मुदत पाच वर्षांची असते आणि व्याज दर तीन महिन्यांनी हाती पडते. तेव्हा दर ८.३ टक्के होता; तिमाहीला १४,५२५ रुपये येत. २०२३ मध्ये तीन वर्षांची मुदतवाढ घेतली, तेव्हा दर ८.२ झाला. या रकमेत घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. घर अजूनही थोडे डब्यांवर आणि थोडे मुलाच्या मदतीवर चालते. पण औषधे, तपासण्या, चष्मे आणि दवाखान्यापर्यंतची रिक्षा हे सर्व त्यातून भागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी कोणालाही न विचारता ठरवली आणि नंतर सर्वांना कळवली.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. आपले कार्ड काढून घ्यावे. आम्ही दोघांनीही काढले. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. दर महिन्याचे थेंब आपल्यालाच विकत आणावे लागतात.

मी आता एका वेळी दोन बाटल्या आणते. उघडलेल्या बाटलीवर तारखेची चिठ्ठी यजमान स्वतः चिकटवतात. अक्षर थोडे तिरके येते, पण वाचता येते.