गिटारीला तारण काय?

माणसाला पैसे कशासाठी लागतात याची बँकेने एक यादी करून ठेवलेली आहे. घर, दुचाकी, विहीर, म्हैस, ठिबक सिंचन, मुलांचं शिक्षण. वीस वर्षं मी ही यादी काउंटरच्या अलीकडे बसून पाहतो आहे. हिच्याबाहेरचं काही हवंसं वाटलंच, तर ते माणसाने बँकेच्या पायऱ्या उतरल्यावर वाटून घ्यावं, असं एकंदर धोरण. यादीत शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, रेशमाचे किडेदेखील आहेत. गाणं नाही. किड्याचा कोष तरी दाखवता येतो हो, गाण्याचं काय दाखवणार?

हा प्रश्न माझ्या भाच्याने उभा केला. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा बी.कॉम. असल्यामुळे कुळाचार म्हणून त्याला तिकडे घातलेला. आमच्या अंबाजोगाईच्या बाजारात मिळणारा एक काळा टी-शर्ट तो बारा महिने घालतो. छातीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. बहिणीला वाटायचं, हा हृदयाचा आलेख आहे आणि पोराला काहीतरी झालंय. मला ती बालाघाटची डोंगररांग वाटायची. शेवटी त्यानेच खुलासा केला. 1967 साली आकाशात एक स्पंदन पावणारा तारा सापडला, त्याच्या स्पंदनांच्या त्या रेघा. 1979 साली ‘जॉय डिव्हिजन’ नावाच्या इंग्लंडमधल्या चौघांनी त्या आपल्या तबकडीच्या पाकिटावर छापल्या.

“कसलं गाणं म्हणायचे हे लोक?”

“पोस्ट-पंक, मामा.”

पोस्ट म्हटलं की मला आवर्ती ठेवीचं पासबुक आठवतं. त्यामुळे त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. 1976च्या सुमारास तिकडच्या पोरांनी ठरवलं, की तीन सूर येत असले तर गिटार वाजवायला पुरे. चौथा शिकत बसण्यापेक्षा ओरडावं. हे पंक. वर्षा-दोन वर्षांत घसे बसले, तेव्हा काहींनी विचार केला की आता ओरडून झालंय, तर आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते बघू. ते पोस्ट-पंक. लग्नानंतर नवरा-बायकोतही हे दोन कालखंड असेच क्रमाने येतात.

या चौघांतला गाणारा इयन कर्टिस. क्वचित गिटारही धरायचा. पण मला जवळचा वाटला तो दुसऱ्याच कारणाने. तो कारकून होता! मॅकल्सफील्ड नावाच्या गावात सरकारी रोजगार कचेरीत बसून अपंगांना कामं मिळवून द्यायचा आणि संध्याकाळी मँचेस्टरला जाऊन गायचा. 1978 साली त्यांनी पहिली चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कंपनी नाही, शेठजी नाही. प्रती एक हजार. पैसे कुठून आणले? सांगतात ते असं, की कर्टिसने बँकेतून चारशे पौंड कर्ज काढलं आणि कारण सांगितलं, घरात फर्निचर घ्यायचंय!

हे ऐकल्यावर मी दोन दिवस काउंटरवर फर्निचरवाल्यांकडे निराळ्याच नजरेने पाहत होतो. त्या तबकडीचा आवाज इतका फिका उमटला, की पुढे तीच गाणी मोठ्या तबकडीवर पुन्हा काढावी लागली. फर्निचर घेतलं असतं तर निदान बसता आलं असतं. दोन वर्षांनी, 18 मे 1980 रोजी, त्या मुलाने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय 23. फिट्स येत होत्या, मन खचलं होतं. हे सांगताना भाचा थांबला, आणि दारात उभी असलेली माझी बहीण आत येऊन मटकन बसली.

“दादा, तू ह्याला समजावून सांग. काय करायलाय हा! आपल्यात केलंय का कुणी असलं?”

केलंय. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाटकातल्या नामवंत दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गायचे. ‘व्हेल्वेट फॉग’ नावाचा त्यांचा बँड होता. 1974 साली अॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते जुडास झाले. 1978 साली पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी थिएटर अॅकॅडमीतर्फे बसवलं, त्यातही ते गायले. पाश्चात्त्य ढंगाचं गाणं मराठी गळ्यातून असं निघू शकतं, हे पुष्कळांनी तेव्हा प्रथम ऐकलं. 2014 साली ते गेले. मी हे सगळं बहिणीला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, “त्यांच्या घरी नाटक होतं. आमच्या घरी पिठाची गिरणी आहे.”

हिशेब चोख होता. कॉमर्सला तिला घालायला हवं होतं.

मग भाच्याने मोबाइलवर स्वतःचं गाणं ऐकवलं. ते त्याने गिरणीतच ध्वनिमुद्रित केलंय. ठेका गिरणीच्या पट्ट्याचा, आणि मध्ये एक बाई “ज्वारी बारीक दळ रे” म्हणते, तीही आलीय. गाण्यात बाकी फक्त शाळेची हजेरी आहे. दिवाळीनंतरची. आमच्या जिल्ह्यात दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयता बांधून ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि अर्धा वर्ग त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढतो. गाण्यात गुरुजी एकेक नाव घेतात. ‘हजर’च्या जागी फक्त गिटारीचा एक सूर. नावं वाढत जातात, सूर तोच. ही नावं भाच्याच्या चौथीच्या वर्गातली आहेत. बहिणीने बहुधा ते पूर्ण कधी ऐकलं नसावं. संपल्यावर ती म्हणाली, “ती शेवटची पोरगी आपल्याकडे दळण आणायची.” आणि चहा टाकायला आत गेली.

पुण्याला जाऊन हे नीट ध्वनिमुद्रित करायला चाळीस हजार लागणार होते. आमच्या गावाला ही गोष्ट तशी नवी नाही. दासोपंतांनी इथेच सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. चारशे वर्षं झाली, पासोडी अजून गावात आहे. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. त्या शाईला कोणी कर्ज दिलं असेल, आणि कोणत्या रकान्याखाली?

अर्ज एका पतसंस्थेत केला. ‘कर्जाचा उद्देश’ या रकान्याशी भाच्याचं पेन थांबलं. मी म्हणालो, “फर्निचर लिही. मँचेस्टरचा दाखला आहे.”

“नको मामा. गाणं आहे ते, कपाट नाही.”

आणि त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘गाणे’. सचिवांनी चष्मा वर करून पाहिलं. “तारण काय?” मी जामीनदाराच्या जागी सही केली आणि पगाराचा दाखला पुढे सरकवला. हप्ते 24 आहेत. पहिले तीन त्याने गिरणीवर बसून फेडलेत. चौथ्याच्या तारखेला तो पुण्यात असणार आहे. थकला, तर माझ्या पगारातून कापला जाईल. बहीण म्हणते, कापला जाणार नाही, ती दोन तास गिरणी जास्त चालवील. तेव्हा मराठवाड्यातल्या पोस्ट-पंकला तूर्तास भक्कम आधार आहे: एक माझा महागाई भत्ता, आणि दुसरी गावाची ज्वारी.