पौंड मोजले, इंच विसरलो

आजऱ्यात पावसाळ्यात पाणी नको नको होतं. चैत्रात मात्र चित्री धरणातून हिरण्यकेशी नदीत सोडलेल्या पाण्यावरच ऊस तगतो. आमचं रान नदीपासून १२० फूट उंच. तेहतीस फुटाला एक केजी दाब, म्हणजे सुमारे ३.६. हा हिशेब बरोबर होता, म्हणून मी चार केजीचा पाईप आणला. पण तो दाब थांबलेल्या पाण्याचा. वाहतं पाणी पाईपला घासत चढतं आणि तेवढा दाब आणखी लागतो, हे मी धरलंच नाही.

मोटरजवळ दाबाचा मीटर बसवला, त्यावर फक्त पीएसआय. काटा ६५ वर. एका किलोत २.२ पौंड असतात म्हणून मी २.२ ने भागलं, तर उत्तर साडेएकोणतीस केजी! एवढ्या दाबाला पाईप टिकलाच नसता. म्हणजे मीटर खोटा, असं ठरवून मी तो काढून टाकला. माझी खरी चूक ही. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावरचे पौंड, आणि आपला केजी एका चौरस सेंटिमीटरवरचा. चौरस इंचात ६.४५ चौरस सेंटिमीटर बसतात. तेव्हा २.२ ला ६.४५ ने गुणून भागायला हवं होतं, म्हणजे १४.२ ने. उत्तर आलं असतं ४.६. पाईप चारचा. मीटर खरं सांगत होता.

त्यात पाईप उघड्यावर, उन्हात. पाईपवर छापलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो. तापलेलं पीव्हीसी तेवढं सोसत नाही. एके दुपारी लाईट गेली, चढलेलं पाणी उलटं आलं, व्हॉल्व्ह आपटला आणि नदीकडचा पाईप उभा चिरला. खालच्या काकांचा आऱ्या सुटलेला भुईमूग उखडून मातीसकट वाहून गेला. मी भरपाई दिली. पण त्यांनी वाकून लावलेली ती ओळ होती, आणि आकडा डोळ्यांसमोर असताना मी तो नाकारला होता, हे अजून सलतं.

आता नदीपासून निम्म्या चढापर्यंत सहा केजीचा पाईप आहे, मातीत गाडलेला. वर दाब उतरतो, तिथं जुना चारचाच चालतो. मीटर परत बसवलाय. मोटर सुरू करणाऱ्या पोराला काट्याची हद्द दाखवून ठेवली आहे: ७० च्या वर गेला तर बंद कर, मला विचारत बसू नको.