वावडे हवेचे, व्यथा त्वचेची

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना येथल्या हवेचा मोठा अभिमान. दक्षिणेतून पाहुणे आले, की धार-देवासच्या पवारांचा इतिहास सांगून होतो न होतो तोच आम्ही हवेकडे वळतो. उन्हाळ्यातही रात्री गार, पाणी पचनास हलके, अंगाला घामाचा चिकटा नाही, ही आमची नेहमीची प्रस्तावना. पुराव्यादाखल कुमार गंधर्वांचे नाव पुढे केले, की पाहुण्यांना मान डोलवावीच लागते. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले, बरे होऊन पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत देवासचेच होऊन राहिले. त्या बरे होण्यात नव्याने निघालेल्या औषधांचाही वाटा होता, एवढे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते.

परंतु हवा म्हणजे केवळ थंडी-उष्मा आणि कोरडेपणा-दमटपणा नव्हे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ काही तरंगत असते, आणि एकाच्या फुप्फुसांना मानवणारी हवा दुसऱ्याच्या कातडीला मानवेलच असे नाही. हे आम्हांस शिकविले ते आमच्या आठ वर्षांच्या नातीने.

नात पाच महिन्यांची असताना तिचे गाल लाल होऊन खरखरीत झाले. पुढे ते गाल निवळले, पण कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणीत चट्टे उठू लागले. रात्री झोपेत खाजवून खाजवून पलंगपोसावर रक्ताचे ठिपके दिसत. मराठीत ह्याला आपण सरसकट इसब म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत ह्या विशिष्ट प्रकाराचे नाव अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस. घरात मात्र ज्याचे त्याचे निदान निराळे होते. कोणी म्हणे रक्त बिघडले, कोणी म्हणे अंगात उष्णता. एका आत्याबाईंनी तर सूनबाईंच्या डोहाळ्यांपर्यंत माग काढला आणि त्या दिवसांत खाल्लेल्या वांग्याच्या भरतावर सारा ठपका ठेवला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. पण पोरीच्या अंगावर चट्टा उठला, की त्यांचा चेहरा अपराध्यासारखा होई. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुले सरकून बसू लागली. "हे उडून लागत नाही ना?" हा प्रश्न तर आप्तांनीही विचारला. वाचकहो, हे उडून लागत नाही. खरूज लागते, नायटा लागतो. हा विकार एकाचा दुसऱ्याला कधीही लागत नाही.

आता मांडूकडे येऊ. गौरी-गणपती आटोपले, की एखादा रविवार धरून आमचे सारे कुटुंब मांडूला जाते. धारेपासून पस्तीस-एक किलोमीटरचा रस्ता. काकडाखोहची दरी मागे टाकली, की समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरचे ते हिरवेगार पठार समोर उलगडते. चतुर्भुज रामाचे दर्शन, जहाज महालाच्या गच्चीवर डबे सोडणे, रूपमतीच्या छत्रीतून निमाडच्या दिशेला पाहणे, आणि परतताना गोरखचिंचेची फळे, हा आमचा क्रम ठरलेला आहे. सलग तीन वर्षे असे झाले, की मांडूला पोचताच पोरीला शिंकांवर शिंका येत, डोळे चुरचुरत, आणि घरी परतल्यावर एक-दोन दिवसांत कोपरांची लवण ओली होऊन वाहू लागे. गेल्या वर्षी घरात सरळ प्रश्न उभा राहिला, की तिला न्यावे, की देवासला काकूंपाशी ठेवावे? पोर म्हणाली, "आजोबा, मी लांब बाह्यांचा झगा घालीन, पण मला न्या." ह्या वाक्याने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. जे मिळाले ते वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातले कळले ते येथे मांडीत आहोत.

नाक, छाती आणि कातडी ह्यांचे आपसांत काही नाते आहे, ही शंका जुनी आहे. फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ बेनिए ह्यांनी १८९२ सालीच लिहून ठेवले होते, की अशी खाज असणाऱ्या रोग्यांत दमा व पराग-ज्वर वरचेवर आढळतात. १९२३ साली अमेरिकेत कोका व कुक ह्या वैद्यकांनी घराण्यात चालत येणाऱ्या ह्या प्रवृत्तीला 'अ‍ॅटॉपी' असे नाव दिले, आणि १९३३ साली वाइज व सुल्झबर्गर ह्यांनी ते इसबाला जोडले. शरीराने निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजावे, असा त्याचा मथितार्थ. आपल्या मराठीत 'वावडे' हा किती नेमका शब्द आहे! ज्या द्रव्यामुळे हे वावडे शरीरात घडते ते, म्हणजे 'इम्युनोग्लोब्युलिन ई', हाती लागायला १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. जपानी वंशाच्या इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख ह्यांनी स्वीडनमध्ये त्याचा शोध लावला.

वावडे कशाचे, हा पुढचा प्रश्न. आपण सहसा सुवासिक फुलांवर संशय घेतो. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः ह्या विकाराने त्रस्त होते. त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे पराग स्वतःच्या नाकावर व कातडीवर लावून पाहिले, पतंगांना चिकट काचा बांधून उंच हवेतले पराग पकडले आणि १८७३ साली सिद्ध केले, की खरा अपराधी आहे गवताचा पराग. कारण साधे आहे. जे फूल भुंग्याला किंवा वटवाघळाला बोलाविते, त्याचा पराग जड आणि चिकट असतो. मांडूच्या गोरखचिंचेचे भले मोठे पांढरे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्यावर येतात. त्याच्यापासून आमच्या नातीला भय नाही. जे गवत कोणाचे लक्ष वेधीत नाही, ते आपला बारीक, हलका पराग वाऱ्यावर लोटून देते. पठारावर पावसाळ्याअखेर कमरेइतके वाढलेले आणि तुऱ्यावर आलेले गवत, हेच आमच्या सहलीचे सौंदर्य आणि हीच पोरीची व्यथा. उंचीवर हवा शुद्ध असते, हा समजही ब्लॅकलींच्या पतंगांनीच खोटा पाडला होता.

आपल्याकडे हवेतील पराग व बुरशीकण मोजण्याचे काम एका मराठी माणसाने केले, हे वाचकांस कळले तर आनंद होईल. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले एस. टी. टिळक ह्यांनी १९७० साली सहकाऱ्यासह हवेचे नमुने घेणारे यंत्र तयार केले. ते आठ दिवस अखंड हवा ओढून घेते आणि तिच्यातले कण एका चिकट पट्टीवर उमटवीत जाते. हे यंत्र पुढे 'टिळक हवा नमुना-यंत्र' ह्याच नावाने ओळखले गेले.

पण नाकात शिरलेल्या परागाने कोपर का चिघळावे? ह्याचे उत्तर मांडूच्या तटबंदीकडे पाहून चांगले समजते. कातडीचा वरचा थर हा एक तटच आहे. पेशी म्हणजे विटा आणि मधली स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. ह्या बांधणीस 'फिलॅग्रिन' नावाचे प्रथिन लागते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखविले, की ज्यांच्यात ह्या प्रथिनाचे जनुक सदोष असते त्यांना हा इसब होण्याचा संभव फार वाढतो आणि इसबाबरोबर येणारा दमाही त्यांच्यात अधिक आढळतो. सर्व रोग्यांत हा दोष नसतो. पण तट कोठे ना कोठे ढिला असणे हे बहुतेकांचे लक्षण. १५३५ साली हुमायूनचे सैनिक रात्री शिड्या लावून मांडूच्या तटावर चढले, असे इतिहास सांगतो. कातडीच्या फटींतून पराग, धूळ व अन्नाचे कण तसेच आत शिरतात. आतले पहारेकरी एकदा जागे झाले, की मग तोच कण नाकातून आला तरी शिंक आणि श्वासातून आला तरी धाप, असा बोभाटा होतो. पुष्कळ मुलांत आधी इसब, मग पराग-ज्वर, मग दमा असा क्रम लागतो, तो ह्यामुळे. म्हणजे घराण्यातून आलेला हा तटाचाच ढिलेपणा; त्यात कोणाच्या डोहाळ्यांचा काडीइतकाही दोष नाही. हे सूनबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवले, तेव्हा त्या पदराआड रडल्या.

उलट बाजूचा पुरावाही आहे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे गवताच्या परागाचे वावडे असलेल्या इसबाच्या रोग्यांना एका बंदिस्त खोलीत लागोपाठ दोन दिवस बसविले. काहींना परागयुक्त हवा, काहींना शुद्ध हवा. पराग मिळालेल्यांचा इसब बळावला, आणि तोही कपड्यांनी झाकलेल्या भागापेक्षा उघड्या अंगावर अधिक. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोगी थोडेच होते, हे खरे. तरी आमच्या नातीचा लांब बाह्यांचा हट्ट शास्त्राला धरून होता, एवढे त्यातून निश्चित झाले.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. माळव्याच्या प्रत्येक रस्त्याकडेला दिसणारे पांढऱ्या फुलांचे गाजरगवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, त्याचा कातडीविकार निराळा आहे. हे तण पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. त्यातील 'पार्थेनिन' ह्या द्रव्याच्या स्पर्शाने, आणि वाऱ्याने उडणाऱ्या त्याच्या सुक्या चुऱ्याने, पुष्कळांची कातडी काळवंडून जाड होते. आमच्या एका शेतकरी चुलतभावाला पन्नाशीनंतर हे झाले. त्याच्या पापण्या, मान आणि हात जणू हत्तीच्या कातडीचे. हे वावडे ताबडतोब उसळणारे नव्हे, दोन दिवस मुरून उठणारे. त्याची परीक्षाही पाठीवर पट्ट्या चिकटवून, दोन दिवस थांबून करतात. पण गाजरगवताचा पराग शिंकाही आणतो, आणि काही रोग्यांत दोन्ही वावडी एकत्र सापडतात. म्हणून स्वतःच नाव न ठरविता त्वचारोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. तण काढताना हातमोजे व पूर्ण कपडे घालावेत आणि फुलण्यापूर्वीच काढावे. आपल्याच प्रदेशातील जबलपूरची तणसंशोधन संस्था दरवर्षी ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना ह्यासाठी जागृती सप्ताह पाळते.

उपायांत चमत्कार काही नाही. तट लिंपीत राहणे हेच मुख्य काम. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, तीव्र साबण नाही, आणि अंग पुरते कोरडे होण्याआधीच भरपूर स्निग्ध मलम, दिवसातून दोनदा, चट्टे नसतानाही. दिवाळीच्या पहाटे पोरीला उटणे लावणे आम्ही बंद केले आहे. कोरड्या वाऱ्याचे ते दिवस आणि त्यात खरखरीत घासणे, हे ढिल्या तटावर घण घालण्यासारखे आहे. तेल हलक्या हाताने लावतो, सोहळ्यात उणे काही पडत नाही. चट्टा उठला, की डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम सांगितले तितके दिवस लावतो. त्याच्या नावाने घाबरून अर्ध्यावर सोडणे आणि दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन्‌महिने चोपडणे, हे दोन्ही सारखेच घातक. दूध, शेंगदाणे, वांगी अशी एकेक वस्तू परीक्षेविना तोडून मूल खंगविण्यातही अर्थ नाही. तीव्र इसब असलेल्या तान्ह्या मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली लवकर शेंगदाणा दिल्याने त्याचे वावडे उलट पुष्कळ कमी झाले, असे लंडनच्या २०१५ मधील अभ्यासाने दाखविले आहे.

मांडूचा प्रश्न आम्ही असा सोडविला. सहल भाद्रपदातून उचलून आषाढात नेली. तेव्हा पावसाने हवा धुतलेली असते, गवताला अजून तुरे आलेले नसतात, आणि ढग जहाज महालाच्या पायऱ्यांपर्यंत उतरलेले असतात. पोरीला सुती लांब बाह्या, डोळ्यांना चष्मा; घरी परतताच स्नान, कपड्यांचा बदल आणि मलम. यंदा दोन शिंका आल्या. कोपर शाबूत राहिले. ह्याने विकार गेला असे आम्ही म्हणत नाही. अनेक मुलांत तो वयाबरोबर ओसरतो, काहींत राहतोही.

परमुलखात मुळे रोवलेल्या आम्हां लोकांना परक्या हवेशी जमवून घेणे नवे नाही. आमच्या पूर्वजांनी येथली भाषा उचलली, येथले गहू मानवून घेतले, आणि आपले राखायचे ते राखले. ज्या लेकराच्या शरीराला ती तडजोड जड जाते, त्याच्यासाठी घराने चार पावले मागे-पुढे सरकावे, दोष शोधण्यात आयांना रडवू नये आणि लेकराला घरी ठेवून सहलीला जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे. वाचकांच्या घरी असे एखादे मूल असेल, तर त्याच्या कोपरांकडे पाहण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याला नेमके काय हवे आहे, ते तेथे लिहिलेले असते.